वीज कोणत्या चुलीवर शिजवायची?
मुंबई उपनगराच्या अनुभवावरून आपल्या सहवीज प्रकल्पाचा विचार



येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे आपल्या कारखान्याच्या वीस मेगावॅट सहवीज प्रकल्पाचा विषय येणार आहे. त्यासाठी उसाच्या बिलातून टनामागे ठेव कपात करावी लागेल, बँकेचे कर्जही काढावे लागेल. प्रकल्पाबद्दल फारसे दुमत नाही. दुमत आहे ते इंधनाबद्दल. गाळप हंगामात बगॅस जाळायचे, हे सर्वांना मान्य आहे. पण हंगाम सरल्यावर काय? काही सभासदांचे म्हणणे असे की, "एवढा पैसा घालून टर्बाईन वर्षातले सात महिने झाकून ठेवायचे काय? कोळसा आणा आणि तीनशे दिवस चालवा." दुसऱ्या बाजूचे म्हणणे, "कोळशाची राख आमच्या शिवारात नको."

गेल्या महिन्यात गट ऑफिसात यावर चांगलीच जुंपली. एक वडीलधारे सभासद शेवटी मला म्हणाले, "तुम्ही बॉयलरवर जन्म घालवला. दोन्ही बाजू लिहून काढा, म्हंजे आम्ही घरी बसून वाचू." म्हणून हा लेख.

माझी मुलगी बोरिवलीला असते. तिच्याकडे जाणे-येणे असल्याने मुंबई उपनगराला वीज कुठून येते, याची चौकशी मी अनेक वर्षे करीत आलो. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड या भागाने शंभर वर्षांत पाणी, तेल, गॅस, कोळसा, ऊन, वारा अशा सगळ्या चुली वापरून पाहिल्या. प्रत्येक चुलीचा धूर आणि प्रत्येक सरपणाची टंचाई त्यांनी अनुभवली. त्यांच्या अनुभवाचा फायदा आपण फुकटात का घेऊ नये?

पहिली चूल: पाणी

मुंबईच्या गिरण्यांसाठी टाटांनी १९१५ साली खोपोलीला, १९२२ साली भिवपुरीला आणि १९२७ साली भिरा येथे जलविद्युत केंद्र सुरू केले. घाटावर पडणारा पाऊस तळ्यांत अडवायचा आणि कोकणात खाली सोडून त्यावर चक्र फिरवायचे, अशी ही योजना. सरपण फुकट, धूर नाही, राख नाही.

पण फुकट म्हणजे कोणाला फुकट, हे बघितले पाहिजे. मुळशीच्या धरणात बुडणाऱ्या गावांसाठी सेनापती बापटांनी १९२१ साली सत्याग्रह केला, हे आपल्याकडच्या जुन्या माणसांना सांगायला नको. शिवाय या तळ्यांचे पाणी मुळात भीमा-कृष्णेच्या खोऱ्यातले. कृष्णा पाणीतंटा लवादाच्या हिशेबाने वर्षाला सरासरी सुमारे ४२ टीएमसी पाणी वीज करून पश्चिमेला उतरते. खालच्या अंगाला उसाला पाणी कमी पडते, तेव्हा या पाण्याची आठवण निघतेच. म्हणजे इंधन स्वच्छ असले तरी त्यावर दुसऱ्याचा हक्क असू शकतो, हा पहिला धडा.

दुसरे असे की, तळी एका पावसाळ्यात भरतात ती वर्षभर पुरवायची असतात. त्यामुळे ही वीज मुख्यतः सकाळ-संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी वापरतात. सगळ्या उपनगराचा भार तिच्यावर टाकता येत नाही.

दुसरी चूल: तेल आणि गॅस

उपनगराला वीज वाटण्यासाठी १९२९ साली बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय ही कंपनी निघाली. जुन्या लोकांच्या तोंडी ती 'बीएसईएस'. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर या भागात तिच्या तारा होत्या. (भांडुप-मुलुंडला मात्र राज्य वीज मंडळाची, म्हणजे आताच्या महावितरणची वीज.) ही कंपनी कित्येक दशके स्वतः वीज तयार करीत नव्हती. टाटांकडून घ्यायची आणि वाटायची.

टाटांचे औष्णिक केंद्र चेंबूरजवळ तुर्भ्याला, म्हणजे ट्रॉम्बेला. १९५६ पासून ते चालू आहे. तिथे १९८४ साली ५०० मेगावॅटचा पाचवा संच बसला. त्यात कोळसा, तेल, गॅस यांपैकी काहीही जाळता येईल अशी सोय ठेवली होती. १९९० सालचा सहावा संचही ५०० मेगावॅटचा, पण तो तेल आणि गॅसवरचा. तेल महागले तसा हा सहावा संच परवडेनासा झाला. मशीन चांगले, माणसे तयार, पण सरपण परवडत नाही म्हणून उभे. पुढे तो कोळशावर आणण्याचा प्रस्ताव निघाला, तेव्हा चेंबूरच्या रहिवाशांनी जनसुनावणीत विरोध केला. आधीच रिफायनऱ्या आणि खतकारखान्याचा धूर आहे, त्यात आणखी कोळसा नको, असे त्यांचे म्हणणे. तो प्रस्ताव मार्गी लागला नाही.

सभासदांनी पाचव्या आणि सहाव्या संचातला फरक ध्यानात ठेवावा. दोन्ही एकाच आवारात, सारख्याच ताकदीचे. एकाला तीन प्रकारचे सरपण चालते, दुसऱ्याला दोनच, आणि ती दोन्ही महागडी.

गॅसची गोष्ट तर त्याहून बोलकी आहे. मुंबईच्या समुद्रात बॉम्बे हायचा गॅस सापडला, म्हणून १९८२ पासून उरणला गॅसवरचे वीज केंद्र उभे राहिले. गॅस दाराशी निघत असूनही त्याचे वाटेकरी वाढत गेले. खतकारखान्यांना हवा, घरच्या शेगड्यांना हवा, गाड्यांना हवा. परिणामी उरणचे संच गॅसअभावी पुऱ्या ताकदीने चालू शकले नाहीत.

आणि दाभोळ तर सर्वांना ठाऊकच आहे. एन्रॉनचा पहिला टप्पा ७४० मेगावॅटचा. १९९९ साली तो नाफ्त्यावर सुरू झाला. नाफ्त्याचा भाव डॉलरमध्ये. तेल चढले, रुपया उतरला आणि युनिटचा दर वीज मंडळाच्या आवाक्याबाहेर गेला. २००१ साली मंडळाने वीज घेणे थांबवले आणि प्रकल्प बंद पडला. २००५ साली सरकारी कंपन्यांनी नवी कंपनी करून तो हाती घेतला. पुढे तो कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या समुद्रातल्या गॅसवर चालू लागला. त्या विहिरींचे उत्पादन अंदाजापेक्षा फारच खाली आले आणि २०१३-१४ च्या सुमारास केंद्र पुन्हा थंडावले. पुढे काही वर्षे रेल्वेसाठी थोडीफार वीज तिथून घेतली गेली. जवळजवळ दोन हजार मेगावॅटचे केंद्र, आणि दोनदा बंद पडले. दोन्ही वेळा बॉयलर फुटला नव्हता की टर्बाईन मोडले नव्हते. बिनसले होते ते सरपणाचे.

तिसरी चूल: डहाणूचा कोळसा

उपनगरे वाढली. गिरणगाव ओसरला आणि अंधेरीला कारखाने, बोरिवलीला सोसायट्या उभ्या राहिल्या. तेव्हा बीएसईएसने स्वतःचे केंद्र काढायचे ठरवले. जागा निवडली डहाणूची, मुंबईपासून सव्वाशे किलोमीटरवर. समुद्राचे पाणी, पश्चिम रेल्वेची लाईन आणि मोकळी जमीन, या तिन्ही सोयी तिथे होत्या. १९९५-९६ साली अडीचशे मेगावॅटचे दोन संच चालू झाले. वीज मोठ्या तारांनी वर्सोवा, घोडबंदरकडे येते आणि तिथून उपनगरात वाटली जाते.

आता जरा हिशेब करू. ५०० मेगावॅटचे केंद्र चोवीस तास पूर्ण चालले तर दिवसाला एक कोटी वीस लाख युनिट होतात. युनिटमागे साधारण ६५० ग्रॅम कोळसा धरला, तर रोज सुमारे ७,८०० टन कोळसा लागतो. म्हणजे दोन भरलेल्या मालगाड्या, रोज, वर्षभर. तो येतो मुख्यतः छत्तीसगडच्या खाणींतून, काही परदेशातून बोटीने. आपल्या कोळशात राख तीसपस्तीस टक्के. म्हणजे दिवसाला अडीच हजार टनांच्या आसपास राख. बोरिवलीत दिवा लागतो आणि त्याची राख डहाणूला साठते.

डहाणू म्हणजे चिकूच्या वाड्या आणि वारली पाडे. घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. धुरातल्या गंधकाने मोहोर गळेल, खाडीतली मासळी जाईल, अशी भीती लोकांना होती. डहाणूतल्या पर्यावरणवाद्यांनी उच्च न्यायालयात आणि नंतर सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला परवानगी कायम ठेवली. मात्र धुरातला गंधक धुऊन काढणारे यंत्र बसवण्याची अट पूर्ण विचार केल्याशिवाय शिथिल करू नये, असे सांगितले. त्याच वर्षी जूनमध्ये केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला. १९९६ साली न्यायालयाच्या आदेशावरून निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली तालुक्यासाठी प्राधिकरण नेमले गेले.

या प्राधिकरणाने १९९९ साली कंपनीला गंधक धुण्याचे यंत्र बसवण्याचा आदेश दिला. पण यंत्र महागडे. वाद चालू राहिला, तारखा पडत राहिल्या. २००३ साली कंपनी रिलायन्सकडे गेली. शेवटी २००५ साली प्राधिकरणाने तीनशे कोटी रुपयांच्या बँक हमीची अट घातली, तेव्हा कामाने वेग घेतला आणि २००७ साली यंत्र चालू झाले. समुद्राचे पाणी वापरून ते धूर धुते. वीज सुरू झाल्यापासून धूर धुतला जायला बारा वर्षे गेली. तोवर २७५ मीटर उंचीच्या चिमणीने धूर लांब नेऊन सोडला, एवढेच.

यावरून मी एक गोष्ट धरून चालतो. धूर, राख, सांडपाणी यांची यंत्रे पहिल्या दिवसापासून बसली तर बसली. "पुढच्या वर्षी करू" म्हटले की बारा वर्षे जातात. आणि ती बसवून घ्यायला डहाणूत न्यायालय आणि प्राधिकरण होते. आपल्याकडे कोण आहे? आपली सर्वसाधारण सभाच आहे.

याला आणखी एक शेपूट आहे. २०१५ साली केंद्र सरकारने देशातल्या सगळ्या औष्णिक केंद्रांना गंधकाची मर्यादा घालून दिली होती. जुलै २०२५ मध्ये त्यातल्या बहुसंख्य केंद्रांना हे यंत्र बसवण्यापासून सूट मिळाली. दिल्ली परिसर किंवा दहा लाखांवर वस्तीची शहरे ज्यांच्या दहा किलोमीटरच्या आत आहेत, त्या केंद्रांवरची सक्ती राहिली. सरकारची कारणे काहीही असोत, आडगावच्या माणसाने यातून एवढे समजून घ्यावे की, नियम आपल्याला वाचवतील या भरवशावर राहू नये.

ज्या दिवशी मुंबई थांबली

१२ ऑक्टोबर २०२० रोजी मी बोरिवलीला मुलीकडे होतो. सकाळी दहाच्या सुमारास पंखा थांबला. आम्हा गावाकडच्या माणसांना त्याचे काय? मी पेपर वाचत बसलो. पण मुलगी घाबरली. "आण्णा, मुंबईत लाईट जात नाही हो," म्हणाली. खाली लिफ्ट अडकली, नळाला पाणी चढेना, लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या. करोनाचे दिवस, दवाखाने भरलेले.

झाले असे होते की, कळवा-पडघा भागातल्या मोठ्या वाहिन्या बंद पडल्या आणि बाहेरून येणारी वीज तुटली. मुंबईला १९८१ पासून अशा वेळी बाकीच्या जाळ्यापासून अलग होऊन स्वतःच्या केंद्रांवर चालण्याची व्यवस्था आहे. त्या दिवशी ती पुरी पडली नाही, कारण शहराच्या आतली निर्मिती मागणीच्या मानाने कमी होती. तरीही डहाणूच्या केंद्रातून अत्यावश्यक सेवांना वीज देता आली.

म्हणजे पाहा, ज्या डहाणूवर एवढी टीका झाली तेच केंद्र त्या दिवशी उपयोगी पडले. जवळच्या चुलीची किंमत अशा वेळी कळते. म्हणून मी कोळशाला सरसकट शिव्या देणाऱ्यांपैकी नाही. पण त्याच कोळशाची दुसरी बाजूही पुढच्याच वर्षी दिसली. ऑक्टोबर २०२१ मध्ये देशभर केंद्रांतले कोळशाचे साठे चार-पाच दिवसांवर आले आणि आपल्या राज्यातलेही संच बंद ठेवावे लागले. खाणीत पाऊस शिरला, परदेशी कोळसा महागला, गाड्या मिळेनात. दोन मालगाड्यांचे गिऱ्हाईक असलेल्या केंद्रांची ही गत, तर रोज वीस ट्रक मागणाऱ्या आपल्या कारखान्याला रांगेत कितवा नंबर मिळेल?

आपली चूल: बगॅस

आता घरी येऊ. शंभर टन ऊस गाळला की अठ्ठावीस-तीस टन बगॅस निघते. त्यात निम्मे पाणीच असते, त्यामुळे त्याची उष्णता चांगल्या कोळशाच्या निम्म्याच्या आसपास. पण त्यात गंधक नगण्य, राख दोन-चार टक्के, आणि मुख्य म्हणजे ते आपल्याच शिवारातून येते. त्याला खाणवाला नाही, बोट नाही, डॉलर नाही.

जुने बॉयलर २१ किलो दाबाचे. त्यात बगॅस कसेबसे संपवायचे, एवढाच उद्देश असे. ६७, ८७, ११० किलो दाबाचे बॉयलर आले आणि त्याच बगॅसमधून कितीतरी जास्त वीज निघू लागली. दिवसाला पाच हजार टन गाळणाऱ्या कारखान्यात टनाला शंभर युनिट धरले, तर रोज पाच लाख युनिट होतात. त्यातले दीड-दोन लाख कारखान्याचा घरखर्च. उरलेले तीन-साडेतीन लाख विकायला. डहाणूच्या मानाने हे किती? असे चोवीस कारखाने एकत्र चालले, तर एका डहाणूइतकी निर्मिती होते. लहान आहे, पण राज्यात असे कारखाने पुष्कळ आहेत आणि ते विखुरलेले आहेत. एक वाहिनी तुटली तर सगळे थांबत नाहीत.

हे झाले गुण. आता दोष लपवून ठेवणे बरोबर नाही.

पहिला दोष असा की, बगॅसचे मूळ पावसात आहे. राज्यात २०१४-१५ च्या हंगामात सुमारे १०५ लाख टन साखर झाली. दुष्काळ पडला आणि २०१६-१७ ला ती ४२ लाख टनांवर आली. ऊसच नाही तर बगॅस कुठले? त्या साली कितीतरी कारखान्यांची टर्बाईन दोन-अडीच महिन्यांत थांबली, आणि बँकेचा हप्ता मात्र बारा महिन्यांचा होता. पुढे २०२१-२२ ला १३७ लाख टनांवर साखर गेली, तेव्हा ऊस तोडायला टोळ्या पुरेनात. अशा चढउतारावर कर्ज उभे करायचे आहे, हे विसरू नये.

दुसरा दोष साठवणीचा. बगॅस हलके, जागा फार खाते. उन्हाळ्यात गंजीला आग लागते, पावसाळ्यात आतून सडते. वीस मेगावॅटचे टर्बाईन नुसत्या बगॅसवर हंगामाबाहेर चालवायचे तर रोज आठ-नऊशे टन लागेल. सबंध हंगामात काटकसर करून वीस हजार टन शिल्लक टाकले, तरी ते तीन-साडेतीन आठवड्यांत संपते. तीनशे दिवसांची गोष्ट बगॅसवर जमत नाही, हे सरळ आहे.

तिसरा दोष दराचा. एके काळी सहवीजेला युनिटमागे सहा रुपयांच्या वर भाव होता. नंतर निविदा आल्या, सूर्याची वीज स्वस्त झाली आणि भाव पाचाच्या आत आले. जुन्या भावावर आखलेले हप्ते नव्या भावात फेडताना अनेकांची दमछाक झाली.

शिवाय डिस्टिलरी चालू असली की तिलाही वाफ लागते. एकाच बगॅसवर तीन जणांचा डोळा असतो.

हंगामाबाहेर कोळसा आणला तर

हाही हिशेब मांडून बघू. वीस मेगावॅट म्हणजे दिवसाला ४ लाख ८० हजार युनिट. लहान केंद्राला युनिटमागे ८०० ग्रॅम कोळसा धरावा लागेल, कारण मोठ्या केंद्राइतकी काटकसर लहानाला जमत नाही. म्हणजे रोज सुमारे ३८५ टन, वीस टनी ट्रक धरले तर एकोणीस-वीस ट्रक. राख रोज सव्वाशे टनांच्या आसपास. कोळसा कारखान्यावर पोचेपर्यंत टनाला पाच हजार रुपये पडला असे समजा, तर नुसत्या सरपणाचेच युनिटमागे चार रुपये झाले. त्यावर हप्ता, पगार, देखभाल. विकायचे पाचाच्या आत. उरते काय?

आणि ज्या बाजारात हे विकायचे, तिथे स्पर्धा कोणाशी आहे तेही पाहा. उपनगराचा वीजपुरवठा २०१८ साली अदानी समूहाकडे गेला. त्यांनी राजस्थानात जैसलमेरकडच्या ७०० मेगावॅटच्या ऊन-वारा मिश्र प्रकल्पाची वीज युनिटला ३ रुपये २४ पैशांनी घेण्याचा करार केला. ती वीज २०२३ पासून अंधेरी-बोरिवलीला येते. ज्यांनी गॅस, तेल, कोळसा सगळे वापरून पाहिले, तेच आता उन्हाकडे वळले आहेत. आपण मात्र त्यांनी मागे टाकलेल्या वाटेने ट्रक लावून निघायचे काय?

राखेचा प्रश्न वेगळाच. कारखान्याच्या आजूबाजूच्या वस्तीवर वाळत घातलेल्या धोतरावर काजळी बसते, ती बगॅसची. ती निदान हंगामापुरती असते. कोळशाची राख बाराही महिने, शिवाय तिच्यात गंधक आणि जड धातू. ती ठेवायची कुठे? वीटभट्टीवाले थोडी नेतील. बाकीची ओढ्याकाठी पडेल आणि पावसात विहिरीत उतरेल.

मग मार्ग काय?

माझ्या अल्पमतीप्रमाणे असा विचार करावा.

एक, पहिली वीज वाचवण्यात आहे. टन उसाला वाफ किती लागते, हे आधी बघा. पॅन, इव्हॅपोरेटर, मोटारी सुधारून वाफ कमी केली की बगॅस वाचते. नवीन इंधन शोधण्याआधी आहे ते पुरवून वापरणे, हे आपल्या घरातल्या बायांना कळते, ते आपल्याला कळायला हरकत नाही.

दोन, हंगामाबाहेर उन्हाची जोड द्यावी. गाळप थांबते मार्च-एप्रिलमध्ये आणि नेमके तेव्हाच ऊन कडक असते. कारखान्याची गोदामे, कार्यालये यांच्या छपरावर आणि पडीक जागेवर सौर पॅनेल बसवली, तर हंगामाबाहेरची आपली स्वतःची गरज बरीच भागेल. पावसाळ्यात ती कमी पडेल आणि रात्री मिळणार नाही, हे मान्य. त्यापुरती महावितरणची वीज आहेच.

तीन, प्रेसमडपासून गॅस करण्याचा विचार व्हावा. गॅस निघाल्यावर उरलेला गाळ खत म्हणून शेताला परत मिळतो.

चार, पाचट जाळण्यासाठी कारखान्यावर आणा, असा एक विचार पुढे येतो. यात मात्र माझा विरोध आहे. पाचट शेतात कुजवले तर जमीन टिकते, पाणी कमी लागते. जमीन उपाशी ठेवून बॉयलरला खाऊ घालण्यात अर्थ नाही, कारण उद्याचे बगॅस त्याच जमिनीतून यायचे आहे.

पाच, बॉयलर घेताना ट्रॉम्बेच्या पाचव्या संचाची आठवण ठेवा. थोडा जादा खर्च आला तरी निरनिराळी जैविक सरपणे चालतील अशी भट्टी घ्या. दुष्काळी साली तीच हात देईल.

सहा, धूर पकडणारे यंत्र आणि राखेची जागा प्रकल्पाच्या पहिल्याच निविदेत असावी. मागाहून नव्हे.

सभेत विचारायचे प्रश्न

सभेला येताना सभासदांनी पुढील प्रश्न लिहून आणावेत आणि संचालक मंडळाने त्यांची उत्तरे आकड्यांत द्यावीत.

१) २०१६-१७ सारखा ऊस झाला, तर हप्ता कशातून भरणार?
२) वीज खरेदीचा करार किती वर्षांचा आणि कोणत्या दराने?
३) कोळसा घ्यायचा तर कोणाकडून, किती मुदतीच्या भावाने, आणि भाव दीडपट झाला तर काय?
४) राख रोज किती निघणार आणि कोणत्या गट नंबरमध्ये पडणार?
५) धूर पकडणाऱ्या यंत्राचा खर्च अंदाजपत्रकात धरला आहे की नाही?

या पाचांपैकी एकाचे जरी उत्तर "बघू पुढं" असे आले, तर तो विषय पुढच्या सभेवर ठेवावा. दाभोळला सरपणाचा भाव कोणी नीट विचारला नाही आणि डहाणूला धुराचा प्रश्न बारा वर्षे लोंबकळला. मुंबई मोठी आहे. तिने ते सोसले. आपला कारखाना म्हणजे तुमच्या-माझ्या घामाचे शेअर्स. ते सोसण्याइतकी ताकद आपल्यात नाही.

माझे स्वतःचे मत मी सांगून टाकतो. सहवीज प्रकल्प व्हावा. हंगामात बगॅसवर पूर्ण ताकदीने चालावा, शिल्लक बगॅसवर आणखी दोन-तीन आठवडे चालावा आणि मग टर्बाईन खुशाल झाकून ठेवावे. बैलही बारा महिने औताला जुंपत नाहीत. देखभालीला वेळ मिळेल. नफा कमी दिसेल, पण जो दिसेल तो खरा असेल. ज्यांना हे पटत नाही त्यांनी माझे आकडे तपासावेत आणि चूक असेल तर भर सभेत दाखवून द्यावी. मला आनंदच होईल.

सभेला सर्वांनी अवश्य यावे. ठेव आपल्या बिलातून कापली जाणार आहे आणि धूरही आपल्याच अंगणात पडणार आहे.

जय सहकार!

— कारखान्याच्या बॉयलर विभागातील एक निवृत्त कर्मचारी व सभासद